प्रीएक्लॅम्प्सिया : धोक्याची लक्षणे आणि शुश्रूषा

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब नव्याने वाढणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, किंवा यकृत, मूत्रपिंडे, मेंदू, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) यांपैकी कशावर तरी परिणाम दिसणे, या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. आजाराचे मूळ वारेत असते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून सुटणारे घटक आईच्या सर्व रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. म्हणून हा केवळ ‘बीपी वाढल्याचा’ आजार नव्हे. झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात.

किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब भरला, तर तो वाढलेला धरतात. १६०/११० म्हणजे तातडी. पुन्हा मोजण्यासाठी चार तास थांबायचे नाही. १५ मिनिटांत खात्री करून ३० ते ६० मिनिटांच्या आत औषध सुरू व्हायला हवे, कारण एवढ्या दाबाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

निदानाचा पाया परिचारिकेच्या मोजणीवर उभा असतो आणि चुका तिथेच होतात. बाईला पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला टेका द्यावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत आणि दंड हृदयाच्या पातळीवर. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो; डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताला मोजला तर खोटा कमी येतो. असा ‘बरा’ आकडा मिळावा म्हणून कूस बदलून पुन्हा मोजणे ही घातक सवय आहे. लघवी मधल्या धारेची घ्यावी. अंगावरचे पांढरे किंवा रक्त मिसळले तर तपासणीच्या पट्टीवर प्रथिने नसतानाही दिसतात. मात्र लघवीत प्रथिने नाहीत एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही.

धोक्याची लक्षणे गरोदरपणातल्या नेहमीच्या तक्रारींसारखी दिसतात, म्हणून ती निसटतात. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणे, दम लागणे, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर एकाएकी आलेली सूज, बाळाची हालचाल मंदावणे. छातीच्या पिंजऱ्याखाली, विशेषतः उजवीकडे दुखणे हे सर्वांत फसवे. ते पित्त म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात यकृत सुजलेले असू शकते, आणि बिंबिका एक लाखाखाली गेल्या असतील तर रक्तस्रावाचा धोकाही असतो. पायांवरची सूज मात्र निरोगी गरोदर बाईलाही असते. एकट्या तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

आजार तीव्र असेल तर झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. ५० टक्के द्रावणाच्या ८ मिलीत १२ मिली सलाईन मिसळले की ४ ग्रॅमची २० टक्के मात्रा तयार होते. ती शिरेतून सावकाश, १५ ते २० मिनिटांत द्यावी. पुढे तासाला १ ग्रॅम शिरेतून, किंवा स्थानिक पद्धतीनुसार स्नायूत. प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, यांपैकी जे उशिरा घडेल तिथून, २४ तास ते चालू ठेवतात. हे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. लघवी अडली की ते साठते. आधी गुडघ्याचा प्रतिक्षेप (गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय आपोआप उडणे) जातो, मग श्वास मंदावतो, शेवटी हृदय थांबते. म्हणून दर वेळी तीन गोष्टी पाहाव्यात : प्रतिक्षेप आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत, लघवी तासाला किमान ३० मिली आहे. एकही चुकली तर पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना बोलवावे. श्वास मंदावल्यास १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिली शिरेतून सावकाश देतात. ते उशाशी तयार असावे, कपाटात नव्हे. एकूण द्रव तासाला सुमारे ८० मिलीपुरते ठेवावे, कारण फुप्फुसांत सहज पाणी भरते. लघवी कमी दिसली म्हणून सलाईन वाढवू नये.

झटका आला तर बाईला एकटे सोडू नये. मदतीला हाक मारून तिला डाव्या कुशीवर वळवावे, प्राणवायू लावावा, तोंडातला स्राव ओढून घ्यावा. दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. या वेळी बाळाचे ठोके मंदावतात. तरी आधी आईला स्थिर करावे, प्रसूतीचा निर्णय त्यानंतर.

आजार ओसरू लागतो तो वार बाहेर पडल्यावरच, तोही लगेच नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो, आणि नेमकी तेव्हा बाई घरी पोचलेली असते. पहिला झटका प्रसूतीनंतरही येऊ शकतो, म्हणून घरी सोडताना डोकेदुखी आणि दिसण्यातला फरक ही लक्षणे तिला आणि घरच्यांना समजावून द्यावीत, रक्तदाबाची पुढची तपासणी पहिल्या आठवड्यातच ठरवावी. वार पडल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी मेथर्जिन हे गर्भाशय आकुंचित करणारे औषध देऊ नये. त्याने रक्तदाब उसळतो. पुढच्या गरोदरपणात १६ आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ७५ ते १५० मिलीग्रॅम ॲस्पिरिन सुरू केल्यास धोका कमी होतो. म्हणून या बाळंतपणाची नोंद तिच्या कागदांवर ठळक असावी.