पेपर वाचला कोणी? संशोधन-प्रकाशनातल्या जबाबदाऱ्यांची पार्श्वभूमी

चर्चासत्राचा विशेषांक कसा निघतो हे सोलापुरातल्या प्राध्यापकांना वेगळं सांगायची गरज नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एक 'राष्ट्रीय' चर्चासत्र झालं. नोंदणी शुल्कात फाइल, पेन, दुपारचं जेवण, प्रमाणपत्र आणि आयएसएसएन या नोंदणी क्रमांकाच्या अंकात पेपर, असं सगळं आलं. आदल्या रात्री मी डीटीपीवाल्याकडे बसून होतो. नव्वदेक पेपर ईमेलवर आलेले. कुणाचा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये, कुणाचा कृतिदेवमध्ये, एकाने तर टाइप केलेल्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटोच पाठवलेले. संपादक मंडळात अकरा नावं होती, त्यांत एक माझं. रात्री साडेअकराच्या सुमारास डीटीपीवाला मान वर न करता म्हणाला, "सर, हा आणि मघाचा पेपर एकच आहे. नाव तेवढं वेगळं आहे." अकरा संपादकांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. दोन्ही पेपर छापले. प्रमाणपत्रं आधीच लिहून झाली होती.

लेखकाने प्रामाणिकपणे लिहावं, परीक्षकाने म्हणजे रिव्ह्यूअरने निःपक्षपणे तपासावं, संपादकाने दोघांच्या मध्ये उभं राहून निर्णय घ्यावा, हे आज पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये शिकवलं जातं. पण ही तीन कामं तीन माणसांची आहेत, हे ठरायलाच काही शतकं गेली.

लंडनमध्ये 1665 साली हेन्री ओल्डेनबर्ग याने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं, तेव्हा काय छापायचं ते तोच ठरवायचा. 1752 मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेने ते नियतकालिक ताब्यात घेतलं आणि निवडीसाठी समिती नेमली. सदस्यांकडून लेखी अभिप्राय मागवण्याची रीत 1830च्या दशकात आली. या साऱ्यामागे सोसायटीला स्वतःचं नाव जपायचं होतं. लेखकाचे हक्क किंवा वाचकाचं हित तेव्हा कुणाच्या फारसं डोक्यात नव्हतं.

विसाव्या शतकातही ही पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. 1936 साली आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा एक लेख 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. अशा लहरी नसतातच, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी लेख एका तज्ज्ञाला दाखवला आणि त्याचा सविस्तर आक्षेप आइनस्टाइनला कळवला. आइनस्टाइन भडकला. आम्ही लेख छापायला दिला होता, छापण्याआधी कुणाला दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, अशा अर्थाचं पत्र लिहून त्याने लेख मागे घेतला. तो तज्ज्ञ म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढे प्रिन्स्टनमध्ये त्याने आइनस्टाइनच्या सहायकाशी, इन्फेल्डशी, गप्पांच्या ओघात ती चूक समजावून दिली. लेख दुसऱ्या नियतकालिकात छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. आपण परीक्षक होतो हे मात्र रॉबर्टसनने जाहीर केलं नाही. नियतकालिकाच्या जुन्या नोंदवह्या तपासल्यावर, 2005 साली, त्याचं नाव लोकांसमोर आलं. परीक्षकाची जबाबदारी शिकवताना मी नियमांच्या यादीआधी हाच किस्सा सांगतो.

लेखी नियम बहुतेक वेळा घोटाळ्यांच्या मागून आले. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक 1978 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, ते मुख्यतः हस्तलिखितांचा साचा एकसारखा करायला. लेखक कोणाला म्हणावं याचे निकष त्यांनी 1985 मध्ये घातले, कारण तोवर विभागप्रमुखाचं नाव आपोआप लागण्याचा रिवाज सगळीकडे झाला होता. ब्रिटनमधल्या संपादकांनी 1997 मध्ये 'कोप' ही प्रकाशननीतीची समिती काढली. लगेच पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. वेकफील्डचा लेख आला. बारा मुलांवरच्या निरीक्षणातून गोवरच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला आणि जगभर भीती पसरली. 2004 मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी त्या अन्वयार्थातून अंग काढून घेतलं, आणि लेख रद्द व्हायला 2010 उजाडलं.

आपल्याकडचं मोठं प्रकरण त्याच्याही आधीचं आहे. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले जीवाश्मतज्ज्ञ विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून नोंदवलेले कितीतरी जीवाश्म हिमालयातले नव्हतेच. काही नमुने मोरोक्कोतल्या जीवाश्मांशी हुबेहूब जुळत होते. गुप्तांच्या सहलेखकांची संख्या शंभरावर होती. जीवाश्म नेमका कुठल्या दरीत सापडला हे स्वतः जाऊन पाहिलेले त्यांत फारच थोडे. पेपरवर नाव असणं आणि पेपरची जबाबदारी घेणं यांत किती अंतर असू शकतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

सोलापूरला ही गोष्ट कुठे येऊन भिडते? इथली महाविद्यालयं 2004 पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी एकट्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं, 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखलं जातं. विद्यापीठ नवं, गाईड नवे, संशोधक विद्यार्थी नवे, आणि नेमके तेव्हाच दिल्लीहून नियम आले. 2009 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर सक्तीचा केला. 2010 मध्ये एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत, आली. परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या पेपरला 15 गुण. परीक्षण होत नसलं तरी आयएसएसएन आहे, तर 10. आता आयएसएसएन म्हणजे निव्वळ नोंदणी क्रमांक, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. ड्रायव्हरला गाडी येते की नाही, ते प्लेट सांगत नाही. पण कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलला तो क्रमांक लावला की काम होत होतं.

मग दुकानं उघडली, देशभर आणि आपल्याकडेही. 'पेपर लावून देतो, दोन दिवसांत' असे निरोप स्टाफरूममध्ये फिरू लागले. लेखकाने पैसे भरायचे, संपादकाने ते घ्यायचे, परीक्षकाच्या जागी 'उत्कृष्ट, छापावे' असा तयार मजकूर. पानिपतची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते तेव्हा आपण चिडतो. नामवंत नियतकालिकाची हुबेहूब वेबसाइट काढून पैसे उकळणारे होते, तेव्हा मात्र आपल्यातलेच काही जण गिऱ्हाईक झाले.

यूजीसीने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. तिच्यात अडतीस हजारांवर नावं! विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इतरांसोबत तपासली आणि 2018 च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकतात. मेमध्ये यादीतून 4,305 नावं गेली. 2019 मध्ये तिच्या जागी यूजीसीची 'केअर' यादी आली, तीही पुण्यातूनच चालवली जायची. 2022 मध्ये पीएच.डी.साठी पेपरची सक्ती उठली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीही बंद झाली. कुठलं नियतकालिक चांगलं, हे आता प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवायचं आहे. आमच्याकडे त्यासाठी समिती बसली, तेव्हा पहिला प्रश्न आला: "सर, जुनी यादी कुणाकडे सेव्ह आहे का?"

वाङ्मयचौर्याचे यूजीसीचे नियम 2018 चे. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे 40 पर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, 60 पर्यंत वर्षभर बंदी, त्याच्याही वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजायचं नाही, इतका बारकावा त्यात आहे. मराठीचा मात्र त्यात विचार नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा पसारा असतो. तो युनिकोडमधल्या मजकुराशी जुळत नाही, आणि जुने मराठी प्रबंध तर बरेचसे फक्त कपाटात आहेत.

दोन-तीन वर्षांपूर्वी सोलापूरच्या गिरण्यांवरचा एक प्रबंध साम्य तपासणीच्या अहवालात 4 टक्के दाखवत होता. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ परीक्षक पान उलटता उलटता थांबले. 'जुनी गिरणी'ऐवजी तिथे 'जुनी मिरणी' छापलेलं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला. "ही चूक माझ्या प्रबंधातली आहे," ते म्हणाले, "टायपिस्टने केली होती, आणि शुद्धिपत्रात द्यायची राहून गेली."