चार वाहिन्यांचा चव्हाटा: जन्मजात हृदयदोष, रक्ताचा प्रवाह आणि संगणक

गोव्यात खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाणी अडवणारी झडप, भरती चढताना पाहावी. नदीचं पाणी बाहेरून रेटा देऊ लागलं की तिची लाकडी दारं आपोआप मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि वाट मोकळी होते. कुठल्या बाजूचा दाब जास्त, एवढंच त्या दारांना कळतं. हृदयाच्या झडपाही याच न्यायाने उघडझाप करतात.

कुंभारजुव्याकडे खाजनात शेत असलेल्या एका शेजाऱ्याला मी हा दाखला दिला होता. त्याच्या मुलीच्या हृदयात उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप जन्मतःच तयार झालेली नाही. डॉक्टर त्याला ट्रायकस्पिड अ‍ॅट्रेशिया म्हणतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मानसच बसवलेली नाही, तर मग पाणी जातं कुठून?"

त्याच्या हातात सर्जनने काढून दिलेलं चित्र होतं. बेरजेच्या चिन्हासारखी आकृती, पण खालची उभी रेघ वरच्या रेघेच्या बरोबर खाली नव्हती, थोडी बाजूला सरकलेली. "हा खालचा पाय बाजूला का घेतलाय?" हा त्याचा दुसरा प्रश्न. त्या सरकलेल्या रेघेची हकिगत मोठी आहे.

आधी पहिला प्रश्न. निरोगी हृदयात दोन पंप एकापाठोपाठ चालतात: उजवा रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, डावा सगळ्या शरीराला. उजवी वाट बंद असली की शिरांतून परतलेलं अशुद्ध रक्त दोन वरच्या कप्प्यांमधल्या भोकातून डावीकडे जातं, शुद्ध रक्तात मिसळतं, आणि एकच पंप दोन्ही संसार चालवतो. ओठ आणि नखं निळी पडतात, मूल चार पावलं चाललं की उकिडवं बसतं. जगात दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. एकाच कप्प्यावर चालणारी हृदयं त्यांतली थोडी, पण सगळ्यात अवघड.

या बाळांसाठी पहिली वाट निघाली २९ नोव्हेंबर १९४४ रोजी, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांना निळ्या बाळांच्या फुप्फुसांकडे जास्त रक्त न्यायचं होतं, सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. ते तंत्र प्रयोगशाळेत कुत्र्यांवर घोटून बसवलं होतं व्हिव्हियन थॉमस यांनी. ते कृष्णवर्णीय होते, वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यांचं नाव या शस्त्रक्रियेला अलीकडे जोडलं जाऊ लागलं. फार उशिरा जोडलं गेलं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे धमनी कापण्याऐवजी मध्ये गोअर-टेक्स या कृत्रिम पदार्थाची बारीक नळी बसवायची पद्धत आली, आणि नळी केवढी घ्यायची हा प्रश्न उभा राहिला. नळीच्या प्रवाहाचा नियम प्वाझय यांनी १८४० च्या दशकात काचेच्या केसाएवढ्या नळ्यांवर प्रयोग करून मांडला होता. ते डॉक्टर होते, त्यांना रक्तच समजून घ्यायचं होतं. (त्याच दशकात, १८४२ मध्ये, पणजीत एस्कोला मेडिका सुरू झाली. आजचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तिचाच वारसा सांगतं.) नियम असा की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळावा हिस्सा. साडेतीन मिलिमीटरच्या जागी चार मिलिमीटरची नळी घेतली, तर त्या नियमाने प्रवाह सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे बॉलपेनच्या टोकाएवढंही अंतर नाही, आणि तेवढ्यात बाळाची फुप्फुसं रक्ताने भरून जातील की कोरडी पडतील हे ठरतं. खऱ्या शरीरात हा हिशोब इतका सरळ राहत नाही. नळीच्या तोंडाशी वळसे पडतात, फुप्फुसं आपला अडसर घालतात, रक्त ठोक्याठोक्याने येतं. संगणकाची गरज पडली ती या वळशांमुळे आणि ठोक्यांमुळे.

समीकरणं मात्र जुनी होती. ऑइलर यांनी १७७५ मध्येच धमनीतल्या प्रवाहाचं गणित मांडलं होतं. नॅव्हियर यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये चिकट द्रवाच्या गतीची समीकरणं दिली. ती कागदावर सुटतात फक्त सरळ, साध्या आकारांसाठी. फाटे फुटलेल्या, वाकलेल्या रक्तवाहिनीसाठी एकच उपाय: तिचे हजारो, लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती आलं, किती गेलं, कुणी कुणाला ढकललं याचा हिशोब पुन्हा पुन्हा करायचा.

गोव्यात हे काम परकं नाही, फक्त इथे ते नदीवर झालं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांतून भरती आत कशी शिरते याचं संगणकी मॉडेल झालं. तिथेही नदीचे तुकडे, तिथेही वस्तुमानाचा आणि संवेगाचा हिशोब. मुखाशी समुद्राची पातळी किती आणि वरून गोडं पाणी किती, हे मॉडेलला बाहेरून सांगावं लागतं. रक्तवाहिनीच्या मॉडेललाही तसंच: कॅथेटरने, म्हणजे वाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीने, मोजलेला दाब, एमआरआयने मोजलेला वेग. ही टोकं चुकली की मधलं सगळं चित्र चुकतं, मग रंग कितीही सुंदर दिसोत. या क्षेत्रातली अर्धी मेहनत टोकांवरच जाते. म्हणून पुढच्या काळात वाहिनीचा त्रिमितीय तुकडा बाकीच्या शरीराच्या एका साध्या गणिती मंडलाला (सर्किटला) जोडायची रीत पडली. त्या मंडलाचा मूळ नमुना ओटो फ्रँक यांचा, १८९९ चा. जुन्या आगीच्या बंबात पंपाचे झटके हवेच्या कोठीत मुरायचे आणि पाण्याची धार सलग यायची, तसं महाधमनी हृदयाचे झटके मुरवते, या जुन्या कल्पनेला त्यांनी गणिती रूप दिलं.

आता बेरजेचं चिन्ह. १९६८ मध्ये बोर्दो इथे फ्रान्सिस फॉन्टन यांनी ट्रायकस्पिड अ‍ॅट्रेशियासाठी धाडसी शस्त्रक्रिया केली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. शिरांतलं रक्त उजव्या खालच्या कप्प्याला वगळून थेट फुप्फुसांकडे वळवायचं आणि असलेला एकमेव पंप फक्त शरीरासाठी राखायचा. उजवा वरचा कप्पा आकुंचन पावतो, तर तोच पंपाचं काम करेल, अशी तेव्हाची धारणा. म्हणून त्यांनी वाटेत झडपाही बसवल्या. मानस नाही तर मानस बसवू, असा तो विचार. माझ्या शेजाऱ्यानेही हेच सुचवलं असतं.

धारणा टिकली नाही. तो कप्पा वर्षानुवर्षं फुगत जायचा, त्यात रक्त घुटमळायचं, गुठळ्या व्हायच्या, लय बिघडायची. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले मार्क द लवाल यांनी प्रयोगशाळेत नळ्या आणि कप्पे जोडून पाणी खेळवून पाहिलं. १९८८ मध्ये त्यांनी मांडलं की झडपा नसलेल्या वाटेत मधला धडधडणारा कप्पा मदत करत नाही. तो खळबळ माजवतो आणि ऊर्जा खातो. तो वाटेतून काढा, वरची आणि खालची महाशीर सरळ फुप्फुसधमनीला जोडा. फॉन्टन यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण या मुलांच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण मी १९८८ लाच मानतो. एका सर्जनने आपल्याच क्षेत्राची समजूत पाण्याच्या नळ्यांसमोर ठेवून तपासली.

या नव्या रचनेत फुप्फुसांकडे रक्त ढकलायला कुठलाच पंप नाही. शिरांमधला जेमतेम १० ते १५ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब, तेवढ्यावर सगळं चालतं. वरून डोक्या-हातांचं रक्त, खालून पाय-पोट-यकृताचं, आणि डावी-उजवी दोन फुप्फुसं. चार वाहिन्यांचा चव्हाटा. दोन धारा समोरासमोर आल्या की एकमेकींवर आदळतात आणि आधीच तुटपुंजा असलेला दाब वाया जातो.

ते किती वाया जातं आणि कसं वाचवता येईल, हे मिलानच्या पॉलिटेक्निकमधले गॅब्रिएले दुबिनी आणि सहकाऱ्यांनी द लवाल यांच्यासोबत संगणकावर काढलं. १९९६ मध्ये त्यांचे निबंध आले. खालची महाशीर वरच्या शिरेच्या अगदी समोर न जोडता थोडी बाजूला जोडली तर टक्कर टळते, ऊर्जेची नासाडी कमी होते. माझ्या माहितीत, जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेचा आकार सुचवण्यात संगणकाने एवढा थेट हात लावल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये अजित योगनाथन यांच्या गटाने काचेची आणि पुढे रुग्णांच्या एमआरआयवरून घडवलेली मॉडेलं घेऊन हाच प्रश्न वर्षानुवर्षं तपासला.

मग दुसरी अडचण पुढे आली. यकृताकडून येणाऱ्या रक्तात असं काही असतं की ते ज्या फुप्फुसाला मिळत नाही, तिथे धमनी आणि शिरा यांच्यात आडवाटा तयार होतात आणि रक्त प्राणवायू न घेताच पुढे निघून जातं. खालची शीर फार बाजूला नेली तर यकृताचं जवळपास सगळं रक्त एकाच फुप्फुसाच्या वाट्याला येतं. टक्कर टाळायला जावं तर वाटणी बिघडते. त्यातच मूल वाढतं: तान्हेपणी वरच्या अंगाचं रक्त जवळजवळ निम्मं असतं, मोठेपणी एक तृतीयांशाच्या आसपास. आज बरोबर बसलेली मांडणी दहा वर्षांनी तशीच बसेल असं नाही.

यावर स्टॅनफर्डच्या वर्तुळातल्या अ‍ॅलिसन मार्सडेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी सुचवली: खालच्या शिरेचे दोन फाटे, प्रत्येक फुप्फुसाला एक. संगणकावर ती उत्तम निघाली. ती प्रत्यक्ष रुग्णांत बसवली गेली, तेव्हा काहींत वाटणी छान झाली, काहींत धारा एकाच फाट्याकडे कलली. कारण प्रत्येकाच्या वाहिन्यांची वळणं वेगळी. तेव्हापासून सगळ्यांसाठी एकच उत्तम आकार शोधण्यापेक्षा त्या एका मुलाचा एमआरआय घेऊन त्याच्यासाठीच दोन-तीन पर्याय तुलनेला लावण्याकडे कल वाढला. मॉडेल या तुलनेत खरं उपयोगी पडतं. नेमका आकडा भाकीत करायला लावलं की ते डळमळतं.

असं काम करणारं सिमव्हॅस्क्युलर हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. फर्मागुडीत किंवा झुआरीनगरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोराला ते आज रात्री आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेता येईल. मांडवीवर ज्या जातीचं गणित इथे तीस वर्षांपूर्वी झालं, ते बाळाच्या छातीतल्या चार नळ्यांवर करणारं कुणीतरी इथूनच निघावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

शेजाऱ्याने शेवटी विचारलं, "आमच्या पोरीसाठी त्यांनी संगणकावर हे करून पाहिलं का?" नाही. गोव्याबाहेरच्या ज्या रुग्णालयात तिचं ऑपरेशन ठरलंय, तिथे सर्जनने एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कॅथेटरचे आकडे पाहिले आणि कागदावर रेघ काढली. खालचा पाय बाजूला घेणं त्यांच्या हाताच्या सवयीचं झालंय, आणि ती सवय पडली ती मिलानच्या संगणकावर निघालेल्या त्या उत्तरानंतर. त्याने कागद नीट घडी करून मुलीच्या फाइलमध्ये एकोच्या रिपोर्टमागे ठेवला.