बुरशी आणि सांडपाण्यातले जड धातू : पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्या भागांना क्रोम, निकेल किंवा जस्ताचा मुलामा देणारे कारखाने आहेत. क्रोमच्या टाकीतून काढलेला भाग धुतला की धुण्याचे पाणी पिवळे होते. तो रंग विषारी षट्‌संयुजी क्रोमियमचा. रूढ पद्धतीत सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप करतात आणि चुना घालून ते गाळाबरोबर खाली बसवतात. पाण्यात धातू भरपूर असेपर्यंत हे चोख चालते; मात्र उरलेले थोडे मिलिग्रॅम काढताना खर्च चढतो आणि घातक गाळ शिल्लक राहतोच. बुरशीचा विचार सुरू झाला तो या शेवटच्या टप्प्यासाठी.

1811 मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने अळंब्यांतून एक चिवट पदार्थ वेगळा केला. तोच पुढे कायटिन म्हणून ओळखला गेला. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिनच्या जोडीला अमाइन, कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गट असतात व धातूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यांना चिकटतात. 1981 मध्ये त्सेझोस आणि व्होलेस्की यांनी दाखवले की रायझोपस अर्‍हायझस या बुरशीचे एक ग्रॅम कोरडे द्रव्य 180 मिलिग्रॅमहून अधिक युरेनियम किंवा थोरियम धरून ठेवते. बुरशी मृत असूनही हे घडते, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण मृत बुरशीला पोसावे लागत नाही आणि धातूच्या विषाचे भयही तिला नसते.

शिवाय अशी बुरशी मुद्दाम वाढवायलाच हवी असे नाही. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिन बनवताना द्रव गाळून घेतला की मागे बुरशीच्या तंतूंचा ओला लगदा उरतो. अ‍ॅस्परजिलस नायजरपासून सायट्रिक आम्ल करतानाही तसेच होते. हा टाकाऊ लगदा धातुशोषक म्हणून वापरण्याची कल्पना संशोधकांनी पुढे बरीच तपासली. बुरशी आणि धातू यांच्या नात्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम झाले असून, व्हर्टिसिलियम बुरशीने चांदीच्या आयनांपासून अतिसूक्ष्म कण तयार केल्याचे तिथल्या संशोधकांनी 2001 मध्ये मांडले.

प्रयोगशाळेबाहेर मात्र अडचणी आल्या. पाणी ज्यातून गाळायचे त्या उभ्या नळकांड्यात, म्हणजे स्तंभात, नुसता लगदा भरला की दबून पाण्याची वाट अडवतो, म्हणून त्याच्या गोळ्या कराव्या लागतात, आणि तिथे गाठ तयार आयन-विनिमय रेझिनशी, म्हणजे हेच काम करणाऱ्या बाजारातल्या कृत्रिम गोळ्यांशी पडते. त्यातच निकेल व तांबे साधारणपणे 4 ते 6 सामूला (pH; अंक जितका कमी तितके पाणी आम्लधर्मी) चांगले चिकटतात, तर षट्‌संयुजी क्रोमियमला 2 च्या आसपासचा तीव्र आम्लपणा लागतो. त्यामुळे सगळ्या टाक्यांचे धुणपाणी एकाच हौदात सोडले, तर एकाच सामूला दोन्ही धातू नीट निघत नाहीत. क्रोमचे पाणी पहिल्यापासूनच वेगळे ठेवावे लागते.