सागरी हिमाचे आक्रसणे

ध्रुवीय समुद्राचे पाणी गोठून तयार होणाऱ्या तरंगत्या थराला सागरी हिम म्हणतात. खारेपणामुळे हे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. जमिनीवरील हिमनद्या आणि त्यांतून तुटून समुद्रात पडणारे हिमनग निराळे. काठोकाठ भरलेल्या सरबताच्या पेल्यातला बर्फ वितळला तरी पेला सांडत नाही, तसेच सागरी हिम वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. (नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग दोन मिनिटांत उरकतो.)

मग काळजी कशाची? गच्चीला चुना मारला की खालची खोली थंड राहते, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. हिम अर्ध्याहून अधिक ऊन परतवते, वर आकाशातून नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ असेल तर त्याहूनही जास्त. उघडा समुद्र मात्र जेमतेम ६ टक्के परतवतो आणि उरलेले पिऊन टाकतो. त्यामुळे एकदा हिम हटले की तिथले पाणी तापते आणि पुढच्या हिवाळ्यात गोठण उशिरा सुरू होते.

उपग्रहांच्या सलग नोंदी १९७८च्या अखेरीपासून आहेत. ध्रुवावर सहा महिने रात्र, एरवी ढग. म्हणून छायाचित्रांऐवजी पृष्ठभागातून निघणाऱ्या सूक्ष्मतरंगांचे मापन करतात. हिमातून हे तरंग पाण्यापेक्षा अधिक निघतात. सुमारे २५ किलोमीटरच्या चौकटीत १५ टक्के हिम आढळले की ती पूर्ण चौकट ‘विस्तारा’त धरतात; प्रत्यक्ष हिमाची बेरीज म्हणजे ‘क्षेत्रफळ’. बातम्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते. शिवाय उन्हाळ्यात हिमावर साचलेली डबकी उपग्रहाला समुद्रच वाटतात, आणि क्षेत्रफळ खरे असते त्याहून कमी भरते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात पिकांचे नकाशे होतात, तिथेही एका चौकटीत कपाशी आणि तूर मिसळली की असाच पेच पडतो.

आर्क्टिकमधील हिम सप्टेंबरात सर्वांत कमी असते. २०१२च्या सप्टेंबरात विस्तार सुमारे ३४ लाख चौ. किमी इतका घसरला. १९८१ ते २०१० या काळातील नीचांकांची सरासरी त्याच्या दुपटीच्या जवळ होती. जाडीचे मोजमाप याहून अवघड. हिमाचा सुमारे दहावा हिस्साच पाण्यावर दिसतो, त्यामुळे उंचीतली सेंटिमीटरभर चूक जाडीत दहापट होते. वर पडलेल्या बर्फाचे ओझे आणखी घोळ घालते. या कामी युरोपच्या क्रायोसॅट-२प्रमाणे २०१३ साली सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ उपग्रहाचाही उपयोग झाला.

अंटार्क्टिकाची कथा वेगळी. तिथले हिम २०१४पर्यंत किंचित वाढत होते, नंतर एकदम घटले. फेब्रुवारी २०२३मध्ये ते सुमारे १८ लाख चौ. किमीवर आले.

भारताचे या विषयातले मुख्य केंद्र गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावरील ‘हिमाद्री’ ठाणे २००८पासून, तर तिथल्या फ्योर्डमध्ये (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात) बुडवलेली ‘इंडआर्क’ ही मापनयंत्रणा २०१४पासून काम करते. या केंद्रातील संशोधकांनी २०२१मध्ये रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील हिम घटणे आणि भारतात सप्टेंबरात पडणारा अतिवृष्टीसारखा पाऊस यांत संबंध असू शकतो, असे मांडले. त्यांच्या मते, हिम हटल्यावर वायव्य युरोपावर उच्चदाब तयार होतो, तिथून वरच्या हवेतली लाट आशियाकडे सरकते आणि तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो. काढणीला आलेल्या सोयाबीनवर हाच पाऊस कोसळतो, म्हणून विदर्भाला या विषयात रस असायला हवा. मात्र २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्याचे खापर थेट आर्क्टिकवर फोडणे शास्त्राला धरून नाही. उपग्रहांच्या नोंदी आणि पाऊस यांच्या पन्नासहूनही कमी वर्षांच्या जोड्या हाती आहेत, आणि त्यांतूनही एल निनोचा वाटा वेगळा काढावा लागतो.