पाण्याच्या नमुन्यावरचे लेबल : पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने १९६० च्या दशकात आले. राज्याने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राचा १९७४ चा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना ज्या बाटलीत घेतात तिच्यावरच्या लेबलला आज जे वजन आहे ते या दुसऱ्या कायद्याच्या कलम २१ मुळे.

नमुना घेणाऱ्याने, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करायचे, प्रत्येक बाटलीवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या. कारखानदार हजर असूनही त्याने भाग मागितले नाहीत, तर घेणाऱ्याच्या एकट्याच्या सहीवर बाटली जाते. ही पद्धत पाळली नाही, तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

वाद आहे तो 'दोन भाग' या शब्दांवर. कायद्याने पाणी समान वाटता येते असे धरले. तेल आणि ग्रीस वाटता येत नाही. ते बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटते, म्हणून त्यासाठी काचेची वेगळी बाटली थेट भरावी लागते आणि प्रयोगशाळेत ती पूर्ण वापरावी लागते. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, बीओडीच्या (पाण्यातला कचरा कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) बाटलीत आम्ल अजिबात नाही, ती फक्त बर्फात ठेवायची. म्हणजे कागदावरचा एक नमुना प्रत्यक्षात चार-पाच बाटल्यांचा असतो आणि दोन भाग केले की त्या दुप्पट होतात. त्या भरेपर्यंत नाल्यातले पाणी बदललेले असू शकते, विशेषतः कारखाना टाकी थांबून थांबून रिकामी करत असेल तर. अशा वेळी सगळ्या बाटल्यांना एकच वेळ टाकणे मला चूक वाटते. नमुना क्रमांक एकच ठेवावा, पण प्रत्येक बाटलीला उपक्रमांक, आम्ल घातले की नाही याची नोंद आणि तिची स्वतःची वेळ हवी. कारखानदाराचा बचाव आणि मंडळाची बाजू दोन्ही त्या मिनिटांवर उभ्या राहतात.

वाशीच्या खाडीत आणखी एक रकाना लागतो : भरती की ओहोटी. समुद्राचे पाणी वर चढले की क्लोराईड वाढते आणि सीओडीच्या (तोच कचरा रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) चाचणीत अडथळा येतो; ही नोंद नसेल तर आकडा कशाशी ताडून पाहायचा?

जुलैच्या पावसात साध्या पेनची शाई उतरते, आईसबॉक्सच्या पाण्यात कागद सुटतो. म्हणून लेबल बाटली भरण्याआधी लिहायचे, पुसले न जाणाऱ्या मार्करने, वरून पारदर्शक टेप लावून आणि बाटलीच्या अंगावर, कारण झाकणे बदलली जातात.

पुढे प्रयोगशाळांच्या मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत नमुना घेण्याच्या कामाच्या नोंदींवर भर आला. आता बारकोड आहे, मोबाइलवर जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो निघतो. कलम २१ ला मात्र अजूनही खूण, सील आणि सहीच लागते.