अँटी-डंपिंग शुल्क: अर्ज कोणी करावा, कागदपत्रे कोणती आणि निर्यातदाराला सूट कशी मिळते

परदेशातील उत्पादक स्वतःच्या देशात ज्या भावाने माल विकतो, त्याहून कमी भावाने तोच माल भारतात पाठवत असेल आणि त्यामुळे इथल्या उत्पादकांचे नुकसान होत असेल, तर सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ९ए खाली केंद्र सरकार त्या मालावर अँटी-डंपिंग शुल्क बसवू शकते. चौकशी करून शिफारस करण्याचे काम वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआरकडे म्हणजे व्यापार उपाययोजना महासंचालनालयाकडे असते आणि शुल्क बसवणारी अधिसूचना वित्त मंत्रालयाचा महसूल विभाग काढतो. डीजीटीआरचा अंतिम निष्कर्ष वाचून उद्यापासून शुल्क लागले असे समजणारे आयातदार पुष्कळ भेटतात, पण राजपत्रात ‘सीमाशुल्क (एडीडी)’ या मालिकेतील अधिसूचना निघेपर्यंत कस्टम्सला ते वसूल करता येत नाही. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांत सरकारने निर्णय घ्यायचा असतो आणि शिफारस नाकारण्याचा अधिकारही सरकारला आहे.

अर्ज करण्याचा हक्क देशांतर्गत उद्योगाला असतो. अँटी-डंपिंग शुल्काच्या १९९५ च्या नियमावलीतील नियम ५ प्रमाणे अर्जाला उघड पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांकडे त्या वस्तूच्या देशातील एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के उत्पादन असावे लागते; शिवाय जे उत्पादक बाजूने किंवा विरोधात मत नोंदवतील त्यांच्या एकत्रित उत्पादनात पाठिंबा देणाऱ्यांचा वाटा ५० टक्क्यांहून जास्त हवा. जो उत्पादक तोच माल स्वतः आयात करतो, किंवा ज्याचे परदेशी निर्यातदाराशी वा इथल्या आयातदाराशी लागेबांधे आहेत, त्याला या मोजणीतून वगळले जाऊ शकते. म्हणून पाठिंब्याची पत्रे गोळा करण्याआधी प्रत्येकाच्या आयातीची चौकशी करून घेणे शहाणपणाचे.

अर्जात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डंपिंग, नुकसान आणि या दोहोंतील कार्यकारणसंबंध. डंपिंगसाठी निर्यातदार देशातील विक्रीभावाचा पुरावा लागतो आणि तो मिळाला नाही, तर उत्पादनखर्चात वाजवी नफा धरून सामान्य मूल्य, म्हणजे निर्यातदाराच्या देशातील तुलनेचा भाव, मांडता येते. आयातीचे आकडे बहुधा व्यापाराची आकडेवारी ठेवणाऱ्या कोलकात्याच्या डीजीसीआयएसकडून किंवा कस्टम्सच्या व्यवहारवार नोंदींतून घेतले जातात. नुकसानीसाठी उत्पादनक्षमता, उत्पादन, विक्री, साठा, रोजगार, नफा आणि भांडवलावरील परतावा यांची माहिती चौकशीच्या कालावधीसाठी (ज्या काळातील आयात तपासली जाते तो काळ) आणि त्याआधीच्या तीन वर्षांसाठी द्यावी लागते. चौकशीचा कालावधी साधारणपणे बारा महिन्यांचा असतो आणि चौकशी सुरू होते त्या दिवशी तो सहा महिन्यांहून जुना असता कामा नये. त्यामुळे आकडे जमवण्यात वेळ गेला की तयार अर्जही शिळा होतो.

माझ्या मते अर्ज सर्वांत जास्त अडखळतो तो खर्चाच्या तक्त्यांवर आणि गोपनीयतेवर. खर्चाचे तक्ते व्यावसायिक लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यायचे असतात, कारण नियमावलीच्या परिशिष्ट ३ प्रमाणे काढली जाणारी क्षतिरहित किंमत, म्हणजे ज्या भावाला इथल्या उद्योगाचे नुकसान होत नाही तो भाव, त्यांवरच उभी राहते. अर्जाच्या गोपनीय प्रतीसोबत विरुद्ध पक्षाला दाखवण्याजोगी अगोपनीय प्रतही द्यावी लागते आणि तिच्यात रकाने कोरे ठेवून भागत नाही. समजा, प्रति टन नफ्याचे खरे आकडे उघड करायचे नाहीत, तर पहिल्या वर्षाला १०० धरून पुढची वर्षे ९१, ७८, ५५ अशी निर्देशांकाने मांडायची, म्हणजे रुपया न दाखवता घसरण दिसते. सारांश देणे शक्य नसेल, तर ते का शक्य नाही याचे कारण लिहावे लागते. दोन्ही नसेल तर ती माहिती विचारात घेतली जाईलच असे नाही.

चौकशी सुरू झाल्याची सूचना निघाली की निर्यातदार, आयातदार आणि वापरकर्त्या उद्योगांना प्रश्नावलीचे उत्तर देण्यासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात. डंपिंगचे प्रमाण निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी निघाले, तर त्या निर्यातदारापुरती चौकशी बंद होते. अंतिम निष्कर्ष एका वर्षात द्यायचा असतो आणि ही मुदत सहा महिन्यांनी वाढू शकते. तात्पुरते शुल्क चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लावता येत नाही.

आयातदाराने अधिसूचनेचा तक्ता ओळ न ओळ वाचावा. त्यात दर शीर्ष, वस्तूचे वर्णन, उगमदेश, निर्यातदेश, उत्पादक, रक्कम, एकक आणि चलन असे रकाने असतात आणि त्यांत मालाचे वर्णन व उत्पादकाचे नाव हे रकाने सर्वांत महत्त्वाचे. एका ओळीत ठरावीक उत्पादकाच्या नावापुढे कमी रक्कम असते आणि पुढच्याच ओळीत ‘याव्यतिरिक्त कोणताही उत्पादक’ यासाठी मोठी. कमी दर हवा असेल, तर इन्व्हॉइस व्यापाऱ्याचे असले तरी उगम प्रमाणपत्र, उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र आणि पॅकिंग लिस्ट यांतून त्याच उत्पादकाचे नाव जसेच्या तसे निघाले पाहिजे. माल तिसऱ्या देशातून जहाजात चढवला म्हणून उगमदेश बदलत नाही. उदाहरणादाखल, दर टनामागे १२० डॉलर असेल, माल २० टन असेल आणि बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सला द्यायचे विवरणपत्र) सादर केले त्या दिवशी कस्टम्सने अधिसूचित केलेला विनिमय दर ८० रुपये असेल, तर शुल्क १,९२,००० रुपये होते. या रकमेवर समाजकल्याण अधिभार लागत नाही, मात्र आयजीएसटी (आयातीवरील एकात्मिक जीएसटी) काढताना ती मूल्यात मिळवली जाते.

निर्यातीसाठी कच्चा माल आणणाऱ्यांना यातून वाट आहे. परकीय व्यापार धोरण, २०२३ मधील अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनवर (निर्यातीच्या वस्तूसाठी लागणारा माल शुल्काविना आणण्याचा परवाना) आणलेल्या मालाला अधिसूचना क्रमांक २१/२०२३-सीमाशुल्क प्रमाणे मूळ शुल्काबरोबर अँटी-डंपिंग शुल्कातूनही सूट मिळते. डीएफआयए (शुल्कमुक्त आयात परवाना) योजनेत सूट फक्त मूळ सीमाशुल्कापुरती आहे आणि आरओडीटीईपी या निर्यातीवरील करांचा परतावा देणाऱ्या योजनेत मिळणाऱ्या ई-स्क्रिपनेही (शुल्क भरण्यासाठीची इलेक्ट्रॉनिक जमापत्रे) अँटी-डंपिंग शुल्क भरता येत नाही. या तीन योजनांची गल्लत करणारा शेवटी रोखीने पैसे भरतो. ऑथरायझेशनसाठी डीजीएफटीच्या म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर एएनएफ-४ए नमुन्यात अर्ज करायचा असतो. आयईसी (आयात-निर्यात कोड), निर्यात प्रोत्साहन परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रमाणित निविष्टा नियम (कोणत्या वस्तूला किती कच्चा माल लागतो याचे सरकारी प्रमाण) उपलब्ध नसल्यास सनदी अभियंत्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. किमान १५ टक्के मूल्यवर्धन बहुतेक मालासाठी बंधनकारक आहे. माल सोडवण्याआधी कस्टम्सकडे बाँड द्यावा लागतो. निर्यातीसाठी सर्वसाधारणपणे १८ महिने मिळतात आणि ते दायित्व पुरे झाले नाही, तर वाचवलेले अँटी-डंपिंग शुल्कही व्याजासह भरावे लागते.

ज्याने ऑथरायझेशन न घेता शुल्क भरून माल आणला आणि त्यापासून केलेली वस्तू निर्यात केली, त्याला ब्रँड रेटने, म्हणजे प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काच्या हिशेबाने, ड्रॉबॅक (शुल्काचा परतावा) मागता येतो, कारण सर्वसाधारण ड्रॉबॅक दरात हे शुल्क धरलेले नसते. त्यासाठी भरणा केलेली बिल ऑफ एंट्री, चलन आणि तो माल नेमका कोणत्या निर्यातीत खर्ची पडला याचा हिशेब जोडून तीन महिन्यांच्या मुदतीत अर्ज करावा.

शुल्क साधारणतः पाच वर्षे टिकते आणि ते पुढे चालू राहावे असे वाटणाऱ्या उद्योगाने मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी पुनर्विलोकनाचा अर्ज करावा. निर्धारणाच्या आदेशाविरुद्ध कलम ९सी खाली ९० दिवसांत सीईएसटीएटी या सीमाशुल्क, उत्पादन शुल्क व सेवा कर अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.