अपडेट करताना लाईन गेली, म्हणजे कंट्रोलर कायमचा गेला का?

“अपडेट चालू असताना लाईन गेली की पंपाचा कंट्रोलर कायमचा निकामी होतो,” असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. कंट्रोलर म्हणजे पंप चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि अपडेट म्हणजे त्यातील प्रोग्रॅम नव्याने भरणे. यवतमाळ-वर्ध्याकडे शेतीपंपाची वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने ही भीती स्वाभाविक आहे. पण ती सरसकट खरी नाही.

हा प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीत, असतो. तिच्यात नवे लिहिण्यापूर्वी संपूर्ण ब्लॉक (मेमरीचा ठरावीक भाग) पुसावा लागतो, आणि त्याच वेळी वीज गेली तर तेवढा भाग अर्धवट राहतो. मात्र सर्वांत आधी चालणारा आणि मुख्य प्रोग्रॅम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, बहुधा वेगळ्या ब्लॉकमध्ये असतो. त्यात तशी सोय असेल, तर वीज आल्यावर चेकसम (प्रोग्रॅम पूर्ण व बरोबर आहे का ते तपासण्याचा आकडा) जुळत नसल्याचे ओळखून तो जुनी प्रत चालवतो किंवा सिरियल पोर्टवरून (तारेने लॅपटॉप जोडण्याच्या जागेवरून) नवी स्वीकारतो. खरा धोका बूटलोडरच, उदाहरणार्थ त्यातील फ्लॅशचा ड्रायव्हर (फ्लॅशमध्ये लिहिण्या-पुसण्याचे काम करणारा भाग), बदलताना असतो, कारण तेव्हा सावरणारा भागच पुसला जातो. ते काम बॅटरीच्या पुरवठ्यावरच करावे, असे माझे ठाम मत आहे.

पडताळणीसाठी मुख्य वीजपुरवठा तोडावा, जाणकाराकडून कार्ड कमी व्होल्टच्या पुरवठ्यावर सुरू करून घ्यावे आणि सिरियल पोर्टला लॅपटॉप जोडावा. पडद्यावर बूटलोडरच्या ओळी उमटल्या, तर तो शाबूत आहे. काहीच उमटले नाही, तरी चिपच्या माहितीपत्रकात रॉममधील, म्हणजे चिप बनवतानाच कायमच्या कोरलेल्या मेमरीतील, बूटलोडरचा उल्लेख आहे का ते पाहावे. तो पुसला जात नाही आणि अनेक चिपमध्ये असतो.